मुलांची मजुरी आणि मुलांची साक्ष

माझ्या आजोबांचें वय सरकारनें त्यांच्या दांतांवरून ठरविलें. ही हकीकत मला त्यांनींच सांगितली, आणि ती सांगतांना ते हंसत असत. त्यामुळें लहानपणीं मलाही ती गमतीचीच वाटे. सन १९१२ च्या सुमारास मालवणच्या बंदरावरून मचव्यानें आगबोट गांठून, डेकवर वळकटीला टेकून, ते आपल्या चुलत्याबरोबर मुंबईस गेले. जन्माचें टिपण ठेवण्याची चाल आमच्या घरांत नव्हती. परळच्या बाजूच्या एका गिरणींत त्यांस लावावयाचें ठरलें, तेव्हां आधीं दाक्तरापुढें उभें करण्यांत आलें. दाक्तरानें तोंड उघडावयास सांगितलें, दोन बोटांनीं ओठ वर उचलला, दांत पाहिले, उंचीकडे नजर टाकली आणि कागद लिहून दिला. त्या कागदानें आजोबा नऊ वर्षांचे झाले. "माझ्या आवशीक म्हायत नाय, तां दाक्तराक म्हायत!" असें ते म्हणत आणि तोंडाचें बोळकें पसरून हंसत.

पुढें मी स्वतः मास्तरकी करूं लागलों, रोज मुलांचीं नांवें पुकारून हजेरी मांडूं लागलों, तेव्हां या हकीकतीची निराळी बाजू माझ्या ध्यानांत आली. त्या दाक्तरानें मुलास एकही प्रश्न विचारला नव्हता. तुझें नांव काय, गांव कोणतें, शाळेंत गेला होतास काय, रात्रीं निजतोस कोठें, यांपैकीं कांहींच नाहीं. दांत बोलले तेवढे पुरे झाले.

बालमजुरीच्या कायद्यांचा इतिहास विद्वानांनीं पुष्कळ सांगितला आहे. मी कांहीं संशोधक नव्हे. मॅट्रिक होऊन अध्यापनाची परीक्षा दिलेला, मालवणच्या किनाऱ्यावर उभी हयात घालविलेला प्राथमिक शाळेंतला मास्तर आहें. तेव्हां कायद्यांच्या कलमांत न शिरतां एकच धागा हातीं धरून चालावें असा माझा विचार आहे. या कायद्यांच्या आधीं ज्या ज्या चौकशा झाल्या, त्यांत साक्ष कोणाची घेतली गेली? ज्याच्याविषयीं चौकशी, त्याला कोणी विचारलें काय?

मुंबईंत कापसाची पहिली गिरणी १८५४ सालीं कावसजी दावर यांनीं काढली. पुढील वीस वर्षांत गिरण्यांचीं धुराडीं गिरगांवापलीकडच्या आकाशांत दाटीनें दिसूं लागलीं, आणि त्यांबरोबर मुलेंही आंत शिरलीं. सूत भरलेल्या बाबिनी काढून रिकाम्या चढवावयाच्या, तुटलेला धागा सांधावयाचा, सांच्याखालची कापसाची उडती धूळ झाडावयाची, या कामांस लहान हात चपळ पडतात असें कारण सांगितलें जाई. लहान हातांस मोल थोडें द्यावें लागतें, हें कारण सांगावयाची गरज नव्हती. गिरणींत सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले आणि उन्हाळ्यांत सूर्य किती लांबतो हें कोंकणांतल्या माणसास सांगावयास नको.

१८७५ सालीं मुंबई सरकारनें पहिली चौकशी-समिति नेमली. कलेक्टर आर्बथनॉट हे अध्यक्ष. सभासदांत गिरणीमालक ठळकपणें होते, आणि बहुमताचा निर्णय असा पडला कीं कायद्याची कांहीं आवश्यकता नाहीं. अध्यक्ष आणि डॉक्टर ब्लेनी हे दोघे मात्र कायदा असावा या मताचे निघाले. पुढें १८७८ सालीं सोराबजी शापुरजी बंगाली या पारशी गृहस्थांनीं मुलांच्या रक्षणार्थ कायद्याचा एक मसुदा तयार केला. परंतु तो कायदेमंडळांत आणण्यास त्यांस परवानगी मिळाली नाहीं. बंगाली यांचें नांव आज फारसें कोणी घेत नाहीं, हा मला अन्याय वाटतो.

आतां येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. इंग्लंडांत या प्रश्नाचा जो गवगवा झाला, त्यांत खरी कळवळ्याचीं माणसें होतीं, तसेच लँकेशायरचे गिरणीवालेही होते. मुंबईचा माल त्यांच्या मालाशीं टक्कर देऊं लागला होता आणि येथील मजुरांचे तास कमी झाल्यास त्यांस हवेंच होतें. त्यामुळें आपल्या राष्ट्रीय वृत्तपत्रांनीं, त्यांत पुण्याचे 'केसरी' व 'मराठा' हेही आले, कारखान्यांच्या कायद्यास विरोध केला. देशी धंदा बुडविण्याचा हा डाव आहे, असें त्यांचें म्हणणें. तें सर्वस्वीं खोटें नव्हतें. पण सात वर्षांचें मूल बारा बारा तास उभें राहतें हेंही खोटें नव्हतें, आणि या दोन सत्यांच्या मध्यें तें मूल उभेंच राहिलें. मँचेस्टरची दया आणि मुंबईचा स्वाभिमान दोन्ही त्याच्या डोक्यावरून बोलत होते.

शेवटीं १८८१ चा कायदा झाला. सात वर्षांखालील मुलास कारखान्यांत घेऊं नये. सात ते बारा वर्षांच्या मुलाकडून दिवसास नऊ तासांहून अधिक काम घेऊं नये. एक तास विसांवा द्यावा. महिन्यास चार सुट्ट्या द्याव्या. हा कायदा शंभर किंवा अधिक माणसें असलेल्या यंत्रशक्तीच्या कारखान्यांपुरताच होता. आज हीं कलमें वाचतांना अंगावर कांटा येतो. सात वर्षांचें मूल म्हणजे आमच्या शाळेंतलें दुसरींतलें, ज्याच्या चड्डीची नाडी मास्तरांस बांधावी लागते तें!

यानंतरच्या चौकशींत मात्र एक नवा आवाज ऐकूं आला. १८८४ सालीं सरकारनें पुन्हां समिति नेमली, तेव्हां नारायण मेघाजी लोखंडे यांनीं गिरणी-कामगारांच्या सभा भरविल्या. लोखंडे स्वतः गिरणींत नोकरी केलेले, महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजांतले आणि 'दीनबंधु' पत्र चालविणारे. त्याच वर्षीं सप्टेंबरांत भरलेल्या सभांतून एक अर्ज तयार झाला आणि सुमारें साडेपांच हजार कामगारांनीं त्यावर सह्या केल्या. रविवारीं सुट्टी, दुपारीं अर्धा तास विसांवा, सकाळीं साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत, आणि कामावर इजा झालेल्यास भरपाई, अशा त्यांच्या पांच मागण्या होत्या. मजुरांविषयींच्या चौकशीस मजुरांनींच आपला जबाब पाठविला, ही त्या काळीं लहान गोष्ट नव्हे. १८९० च्या सभेंत दोन स्त्री-कामगारही उठून बोलल्या. १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं रविवारची सुट्टी मान्य केली. आणि त्या वर्षींच्या सरकारी चौकशींत लोखंडे यांस मुंबईच्या कामगारांच्या वतीनें सहभागी करून घेण्यांत आलें.

लोखंड्यांविषयीं माझ्या मनांत अत्यंत आदर आहे. आमच्या शाळेंत दरवर्षीं त्यांच्याविषयीं मी मुलांस सांगत असें. परंतु त्यांच्या त्या पांच मागण्या पुन्हां मोजून पाहिल्या, तर त्यांत मुलांसाठीं स्वतंत्र अशी एकही नाहीं. याचा दोष मी त्यांस देत नाहीं. घरांत चार तोंडें खाणारीं आणि मुलाचा पगार त्यांतच धरलेला, अशा मजुरानें मुलाचें काम बंद करा असें कसें म्हणावें? सांगण्याचा मुद्दा इतकाच कीं, मोठ्या मजुराची साक्ष झाली म्हणजे लहान मजुराची साक्ष झाली असें होत नाहीं. बापाचें हित आणि मुलाचें हित एकाच घरांत राहतें, एकाच ताटांत जेवतें. तरी तें एकच असतें असें नव्हे.

१८९१ च्या दुरुस्तींत वयाची मर्यादा सातावरून नवावर आली, नऊ ते चौदा वर्षांच्या मुलांस सात तास ठरले, आणि पन्नास माणसांचे कारखानेही कायद्यांत आले. कायदा वाढला, तशा पळवाटाही वाढल्या. १९०७-०८ च्या आयोगास नियमाहून लहान मुलें आणि नियमाहून अधिक तास दोन्ही आढळलें, म्हणून १९११ च्या कायद्यानें कापडगिरण्यांतल्या मुलांचे तास सहा केले आणि वयाचा दाखला सक्तीचा झाला. माझ्या आजोबांचे दांत पाहिले गेले ते या कायद्याच्या अंमलाखालीं. त्यांस गिरणीच्या भाषेंत हाफटायमर म्हणत. सहा तास काम, बाकीचा वेळ मोकळा, असें कागदावर होतें. प्रत्यक्षांत चुलत्यानें दुसऱ्या एका मुलाच्या नांवाचा दाखला मिळविला होता. सकाळीं एका गिरणींत आजोबा आपल्या नांवानें बाबिनी काढीत आणि दुपारीं दुसऱ्या गिरणींत परक्या नांवानें. "सांजवेळां कोणी हांक मारली तर ओ खंयच्या नांवाक देवची तां कळा नाय," असें ते सांगत. ही एकट्या आमच्या घरची लबाडी नव्हती. प्रकार इतका बोकाळला कीं १९२६ सालीं कायद्यांत दुरुस्ती करून, मुलास एकाच दिवशीं दोन कारखान्यांत पाठविणाऱ्या आईबापांस दंड ठेवावा लागला.

१९११ च्या खानेसुमारींत मुंबईच्या गिरणी-कामगारांपैकीं जवळजवळ निम्मे रत्नागिरी जिल्ह्यांतले होते. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजीं त्यांतूनच वेगळा निघाला. मुंबईच्या मनिऑर्डरीवर चूल पेटणाऱ्या गांवांत मुलगा कमाईला लागणें हा दोष मानला जात नसे, तो भाग्याचा दिवस असे. नारळ फोडून त्याला बोटीवर चढवीत. हें लक्षांत न घेतां या प्रश्नाविषयीं रागानें बोलणें सोपें आहे.

त्यानंतरचा कायद्यांचा क्रम मी भरभर सांगतों. १९२२ सालीं कारखान्यांतील वय बारा झालें. १९२९ सालीं व्हिटली आयोग हिंदुस्थानांत आला. त्यांत कुलाबा जिल्ह्यांतल्या गोरेगांवचे ना. म. जोशी हे सभासद होते. या आयोगाच्या १९३१ च्या अहवालांत लहान कारखान्यांतलीं पांच पांच वर्षांचीं मुलें दिसतात. दिवसास दहा-बारा तास काम, जेवणास पुरता वेळ नाहीं, सुट्टी नाहीं, आणि मजुरी कोठें कोठें दोन आणे. आईबापांनीं कर्जापोटीं मुलांची मजुरी गहाण टाकण्याची चालही आयोगानें उजेडांत आणली, आणि १९३३ सालीं ती चाल बंद करणारा कायदा झाला. १९३८ चा मुलांच्या नोकरीचा कायदा, १९४८ चा कारखान्यांचा कायदा, आणि २६ जानेवारी १९५० पासून आपल्या राज्यघटनेचें चोविसावें कलम. चौदा वर्षांखालील मुलास कारखान्यांत, खाणींत किंवा धोक्याच्या कामांत लावूं नये, असें तें कलम सांगतें.

गिरण्यांच्या फाटकांतून मुलें या रीतीनें बाहेर पडलीं खरीं. पण तीं गेलीं कोठें? कांहीं शाळेंत गेलीं. आणि कांहीं जेथें तपासनीस जात नाहीं तेथें गेलीं. चहाच्या दुकानाच्या मागल्या मोरीवर, खानावळींच्या भटारखान्यांत, आणि श्रोतेहो, आपल्या घरांत! मुंबईच्या सुखवस्तु कुटुंबांत घरगड्यास 'रामा' म्हणण्याची पद्धत होती. हा रामा पुष्कळदां आमच्या रत्नागिरीकडचा असे, आणि तो नेहमीं मिशा फुटलेलाच असे असें नाहीं. त्याचें खरें नांव किती घरांतून विचारलें गेलें असेल? १९८६ सालीं बालमजुरीचा नवा कायदा झाला, तेव्हांही घरकाम त्याच्या बाहेरच राहिलें. घरकाम, धाबे, हॉटेलें व चहाचीं दुकानें यांत चौदा वर्षांखालील मूल ठेवण्यास बंदी झाली ती १० ऑक्टोबर २००६ पासून. १८८१ पासून मोजलें तर सव्वाशें वर्षांनीं कायदा गिरणीच्या फाटकापासून आपल्या स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोंचला.

आतां माझ्या शाळेकडे वळतों. मी १९८१ सालीं किनाऱ्यावरच्या एका दोनशिक्षकी शाळेंत रुजूं झालों. नारळी पुनवेनंतर समुद्र निवळला कीं रापणीचा हंगाम सुरू होई. ज्यांनीं रापण पाहिली नाहीं त्यांच्यासाठीं सांगतों. लांबच लांब जाळें होडींतून अर्धवर्तुळाकार समुद्रांत सोडीत जातात. त्याचे दोन्ही दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन्ही बाजूंस माणसांची रांग ते दोर ओढीत जाळें वाळूवर आणते. मासळी वांट्यांनीं वांटली जाते. जाळ्याचा वांटा, होडीचा वांटा, ओढणाऱ्यांचे वांटे. मोठ्यांच्या मागें पोरेंही दोरास लोंबत, आणि त्यांना कधीं लहानसा वांटा, कधीं ओंजळभर तारल्या मिळत. पाण्यावर मासळीची काळसर झांक दिसली आणि हांकाटी झाली कीं माझ्या वर्गाचीं मागलीं दोन बांकें रिकामीं होत. हजेरीपटावर मी गैरहजेरीची खूण करीत असें आणि शेऱ्याच्या रकान्यांत 'निष्काळजीपणा' असें लिहीत असें. अक्षर माझें सुरेख होतें.

१९८७ सालीं एकदां, शुद्धलेखनाच्या निमित्तानें म्हणा कीं कुतूहलानें म्हणा, मी चौथी ते सातवीच्या मुलांस सांगितलें कीं, सकाळीं उठल्यापासून रात्रीं निजेपर्यंत तुम्ही काय काय करतां तें जसेंच्या तसें लिहून आणा. तीसेक कागद आले. ते मी एका रात्रींत वाचले आणि ती रात्र मी विसरलेलों नाहीं.

मला वाटलें होतें कीं रापणींतलीं मुलें आपलीं गाऱ्हाणीं मांडतील. तीं तर फुशारकी मारीत होतीं! कोणी कोणत्या बाजूचा दोर धरला, जाळ्यांत बांगडा किती आला, याचींच वर्णनें. एकानें चित्रही काढलें होतें. दोर ओढण्याविषयीं तक्रार नव्हती; तक्रार होती ती शाळेंत आल्यावर छडी बसते याची. मुलींचे कागद फार लहान होते. पाणी, भांडीं, धाकटा भाऊ, सुकत घातलेल्या मासळीची राखण, पुन्हां पाणी. आणि पुष्कळींनीं शेवटीं लिहिलें होतें कीं अभ्यास केला नाहीं, क्षमा असावी. एकीचा कागद तीन ओळींचा. मी तिला विचारलें, "बाय गो, एवढेंच?" तिनें उत्तर न देतां हात पुढें केले. ती पहाटे आईबरोबर काजूच्या बिया फोडावयास जाई. भाजलेल्या बियेच्या टरफलांतलें तेल कातडीला लागलें कीं ती जळते, काळी पडते, सालपटें निघतात; बायका त्यावर राख चोळतात. त्या हातांनीं तिला लेखणी धरवत नव्हती, आणि मी तिच्या घाणेरड्या अक्षराबद्दल वर्षभर तिला टोंचून बोललों होतों.

म्हणजे जें काम मला हानीचें वाटत होतें, तें मुलांस तितकें हानीचें वाटत नव्हतें. आणि जें खरोखर हानीचें होतें, तें मला दिसतच नव्हतें. एवढ्यासाठीं मोठा विद्वान लागला नाहीं, एक प्रश्न लागला.

आणखी एक कागद होता. सहावींतला एक मुलगा पहाटे पांचापासून बाजारांतल्या चहाच्या दुकानांत कपबशा विसळून मग शाळेंत येई. पुढच्या जूनमध्यें त्याचा बाप दाखला मागावयास आला. मुलगा मुंबईस मामाकडे शिकावयास जातो, असें तो म्हणाला. मामा नाहीं, हें मला ठाऊक होतें. मी कारणाच्या रकान्यांत 'स्थलांतर' असें लिहून सही केली.

१९९६ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें बालमजुरीविषयीं मोठा निकाल दिला. धोक्याच्या कामांत मूल लावणाऱ्या मालकानें दर मुलामागें वीस हजार रुपये भरावे, आणि राज्यांनीं सहा महिन्यांत अशा मुलांची पाहणी पुरी करावी, असा हुकूम झाला. त्या पाहणीच्या निमित्तानें माझ्याकडेही एक तक्ता आला. गांवांत धोक्याच्या धंद्यांत काम करणारीं बालकें किती? त्यांत रापण नव्हती, घरकाम नव्हतें, मुंबईस गेलेला मुलगा गांवांतच नव्हता, आणि काजूच्या बिया फोडणाऱ्या मुली आईला मदत करीत होत्या, मजूर नव्हत्या. मी तक्त्यावर 'निरंक' असें लिहिलें. ते तीस कागद तेव्हां माझ्या पेटींत होते. वरिष्ठांनीं माझ्यावर कसलाही दाब आणला नव्हता. तक्ता वेळेवर गेला म्हणून उलट समाधानच व्यक्त झालें.

त्याच १९९६ सालच्या अखेरीस आमच्याच समुद्राच्या कांठीं एक विलक्षण गोष्ट घडत होती, जी मला पुष्कळ वर्षांनीं वाचनांत आली. गोवा, कारवार ओलांडून दक्षिणेस गेलें कीं कुंदापूर लागतें. तेथें काम करणाऱ्या मुलांची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तीसाहून अधिक देशांतून प्रतिनिधि आले होते, आणि त्यांनीं दहा कलमांचें एक निवेदन केलें. आमच्या अडचणी आणि आमचे उपाय दोन्ही ऐकून घ्या. आम्ही केलेल्या मालावर बहिष्कार घालूं नका. शिक्षण द्या, पण आमच्या परिस्थितीशीं मिळतें द्या. मानानें आणि बेताच्या वेळेचें काम आम्हांस चालेल, पिळवणूक चालणार नाहीं. असा त्याचा आशय होता. कर्नाटकांत 'भीमसंघ' नांवाची काम करणाऱ्या मुलांची संघटना १९९० पासून होती, आणि कुंदापूर तालुक्यांत मुलांच्या पंचायतीही चालूं झाल्या होत्या. त्याच तालुक्यांतील बळकूर या गांवच्या मुलांनीं तर स्वतःच अभ्यास केला. आपल्या गांवांत मुलें कोणकोणतीं कामें करतात त्यांची त्यांनीं टिपणें केलीं, आणि कोणत्या वयाच्या मुलास कोणतें काम झेपतें व कोणतें झेपत नाहीं हें आपसांत ठरवून मांडलें. पुढें त्याचें पुस्तकही निघालें.

हें वाचून मला आनंद झाला आणि थोडी लाजही वाटली. बळकूरच्या मुलांनीं जें केलें, त्याचा आरंभ माझ्या पेटींत दहा वर्षें आधीं पडून होता. मात्र त्या निवेदनांतलें सगळेंच मला पटलें असें मी म्हणणार नाहीं. काम करण्याचा हक्क मागणाऱ्या मुलास शाळेचा अनुभव चांगला आला नसेल, म्हणून तो असें म्हणत असेल, ही शंका मला येते. आणि शाळेचा अनुभव चांगला येत नाहीं यांत माझ्यासारख्यांचा वांटा असतो. गरज मुलाच्या तोंडून बोलते तेव्हां ती त्याच्याच आवाजांत बोलते, हेंही विसरतां येत नाहीं. पण शंका घ्यावयाची तर ती ऐकल्यानंतर घ्यावी.

१९८९ च्या बालहक्कांच्या करारांत मुलाचें मत ऐकून घेण्याचें एक कलम आहे. भारतानें तो करार १९९२ सालीं स्वीकारला. १९९९ सालीं जिनीव्हास आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेनें बालमजुरीच्या अत्यंत वाईट प्रकारांविषयीं करार केला. तो आणि वयाच्या मर्यादेचा १९७३ चा करार, हे दोन्ही भारतानें १३ जून २०१७ रोजीं मान्य केले. अलीकडे बांगला देश व नेपाळ येथें इंग्लंडांतील ससेक्सच्या विकास-अभ्यास संस्थेच्या पुढाकारानें जें संशोधन झालें, त्यांत काम करणाऱ्या मुलांनींच दुसऱ्या मुलांच्या जीवनकथा शेंकड्यांनीं गोळा केल्या, त्यांचा अर्थही मुलांनींच एकत्र बसून लावला, आणि मग काय करून पाहावें हें ठरविण्यांत भाग घेतला. डाक्क्याच्या चामड्याच्या धंद्यांतलीं मुलें नांवाजलेल्या मोठ्या कारखान्यांपेक्षां गल्लीबोळांतल्या लहानसहान जागींच अधिक राबतात, हें त्यांतून दिसून आलें. तपासनिसाची यादी ज्या दारापाशीं संपते, त्याच्या पलीकडचें दार मुलांस ठाऊक असतें.

आपल्याकडे २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलास सर्वच धंद्यांत मनाई आहे. परंतु शाळेच्या वेळेबाहेर, धोक्याच्या नसलेल्या घरच्या धंद्यास मदत करण्यास सूट आहे. सूट योग्य कीं अयोग्य याविषयीं मतभेद आहेत. रापणीच्या दोरास लोंबणारें पोर आणि काजूच्या तेलानें हात जाळून घेणारी मुलगी, दोघेंही 'घरच्या मदती'च्या नांवाखालीं खपूं शकतात, एवढें मी किनाऱ्यावरचा माणूस म्हणून सांगूं शकतों. रापणी आतां कमी झाल्या; यांत्रिक होड्या आल्या, मासळी दूर गेली. माझ्या वर्गांतलीं मागलीं बांकें अखेरच्या वर्षांत भरलेलीं असत.

मुंबईस गेलेला तो मुलगा मला पुन्हां भेटला. कोंकणांतलीं माणसें कोठेंही असलीं तरी गणपतीला घरीं येतात. मी सेवानिवृत्त झाल्यानंतरच्या पहिल्या चतुर्थीस तो आपल्या बायकोमुलांसह आला होता. आरतीला गेलों असतां त्यानें मला ओळखलें आणि पायां पडला. केस पिकूं लागले होते. मुंबईस तो एका घरीं सात वर्षें होता; त्या घरचीं माणसें शिकलेलीं होतीं. मी इकडचें तिकडचें विचारीत राहिलों. निघतांना त्यानें मला अंगणांत गांठलें आणि म्हणाला, "गुरुजी, दाखल्यार सही तुमचीच होती मां?" स्वरांत राग नव्हता. खात्री करून घ्यावी तसें विचारलें.

मी होय म्हणालों. मग दुसऱ्या दिवशीं वही घेऊन त्याच्या घरीं गेलों, आणि त्याला म्हणालों कीं, तूं सहावींत असतांना एक कागद लिहिला होतास, त्याच्या पुढचें मला सांग. तो सांगत गेला आणि मी लिहीत गेलों. त्याचा मुलगा, तोही सहावींतच, उंबऱ्यावर बसून ऐकत होता. पहाटे किती वाजतां उठवीत, निजावयास कोणती जागा, जेवण आधीं कीं मागाहून, गांवीं पत्र कोण लिहून देई, आजारी पडल्यावर काय झालें, पगार कोणाच्या हातीं जाई. दोन संध्याकाळ लागल्या. वहीचीं बावीस पानें भरलीं.